नाशिकहून बाहेरगावी: कोणत्या चार्जरवर कोणती गाडी खरोखर किती वेगाने चार्ज होते?

गंगापूररोडकर (शनिवार, रात्री ९:१०)

मंडळी, घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं पक्कं झालंय. रोजचं जाणं-येणं अंबडपर्यंत, ते घरच्या चार्जिंगवर आरामात भागेल. प्रश्न बाहेरगावचा आहे. पुणं नेहमीचं, अधूनमधून ठाणं, आणि दिवाळीत नि उन्हाळ्यात समृद्धीने नागपूर, कारण सौ.चं माहेर तिकडचं.

दोन गाड्यांपाशी येऊन अडलोय. एक नवी क्रेटा इलेक्ट्रिक, ५१.४ युनिटच्या बॅटरीची. दुसरी ओळखीतली, वापरलेली किआ ईव्ही ६, ७७.४ युनिटची. पहिली ४०० व्होल्टच्या वर्गातली, दुसरी ८०० च्या. ईव्ही ६ विकणारे गृहस्थ १८ मिनिटांत १० ते ८० टक्के असं सांगतात, आणि कंपनीच्या पत्रकातही तेच आहे.

पण परवा धाकट्या भावाच्या नेक्सॉनमधून येताना सिन्नरच्या अलीकडे थांबलो. चार्जरवर ठळक अक्षरात ६० किलोवॅट. गाडी ४५ युनिटवाली, ती ६० च्या चार्जरवर ४० मिनिटांत १० ते ८० टक्के व्हायला हवी. स्क्रीनवरचा आकडा २९ च्या पुढे जाईना. बॅटरी तेव्हा ३५ टक्क्यांवर होती, म्हणजे भरत आल्यामुळे वेग उतरला असंही नाही.

तर सांगा: सीसीएस-२ ची गन (आपल्याकडच्या फास्ट चार्जरच्या तारेचं, गाडीत बसवायचं टोक) बसली म्हणजे गाडी जुळली असं धरायचं का? आणि आपल्या भागातल्या रस्त्यांवर ८०० व्होल्टसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

मिसळप्रेमी_पंचवटी (रात्री ९:२२)

जागा अडवून ठेवतो, आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

सातपूरकर (रात्री १०:०५)

गन बसली म्हणजे फक्त दरवाजा उघडला. आत काय मिळणार हे दोन आकड्यांवर ठरतं, व्होल्ट आणि अँपिअर. किलोवॅट हा त्यांचा गुणाकार. बोर्डावर मात्र कायम सगळ्यात मोठा गुणाकार रंगवलेला असतो.

उदाहरण घ्या. ४०० च्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचे बॅटरी-पॅक प्रत्यक्षात सव्वातीनशे ते चारशे व्होल्टच्या दरम्यान असतात. पहिली नेक्सॉन ३२० व्होल्टची होती. ईव्ही ६ चा ७७.४ युनिटचा पॅक ६९७ व्होल्टचा. आता समजा चार्जरची गन २०० अँपिअरची आहे. ३५० व्होल्टच्या पॅकला तिच्यातून ७० किलोवॅट मिळतील, ७०० व्होल्टच्या पॅकला त्याच तारेतून १४०. तार तीच, तांबं तेवढंच, तापणंही तेवढंच. ८०० व्होल्टचा सगळा फायदा इथे आहे. जाड केबल न लावता, तिला थंड करणारं द्रव न फिरवता जास्त पॉवर नेता येते.

पण ही गोष्ट उलटही फिरते. ६० किलोवॅटचा चार्जर गनमागे १०० अँपिअरवर अडवलेला असेल, तर ३५० व्होल्टच्या गाडीला ३५ च मिळणार. चार्जर खोटं बोलत नाही, तो ६०० व्होल्टला ६० देऊ शकतो. तुमची गाडी ६०० ची नाही, एवढंच.

भावाच्या २९ बद्दल मला वेगळा संशय आहे. शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली होती का? दोन गनांचे ६० वाले चार्जर अनेकदा दोघांना ३०-३० वाटून देतात. आत ३० किलोवॅटची दोन मॉड्यूल असतात, एकटी गाडी असली की दोन्ही तिच्याकडे वळतात.

गंगापूररोडकर (रात्री १०:१४)

@सातपूरकर, होय! पलीकडे हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची टॅक्सी लागलेली होती. ती आमच्या आधीच उभी होती.

सातपूरकर (रात्री १०:१७)

मग झालं. तुमचा २९ तिथेच सापडला.

निफाडचा_मळेवाला (रविवार, सकाळी ६:५०)

सातपूरकर दादांनी तारेचं छान सांगितलं. व्होल्टचं मी आमच्या भाषेत सांगतो. विहिरीवरच्या मोटरचं हेड कमी असलं, तर टेकडीवरच्या टाकीत पाणी चढत नाही. खाली कितीही धो-धो डिस्चार्ज असू दे. ५०० व्होल्टपर्यंतच जाणारा चार्जर आणि ७०० व्होल्टची बॅटरी यांचं तेच नातं. मोटर कितीही मोठी असो, टाकी कोरडीच.

अजून एक. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो. तेव्हा सकाळी सकाळी अंगणात उभी राहिलेली गाडी फास्ट चार्जरला लावली की वेग पडलेला दिसतो. एलएफपी बॅटरीला (लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली) थंडी जास्त बाधते. तासभर चालवून मग लावली की फरक कळतो. द्राक्षबागेला थंडी मानवेना तर शेकोट्या करतो आपण, हिला चालवून ऊब द्यायची.

घाटमाथा (रविवार, सकाळी ८:३०)

माझ्याकडे ईव्ही ६ च आहे, म्हणून अनुभवाचं लिहितो.

मळेवाल्या काकांनी सांगितलेली अडचण खरी आहे, पण या गाडीत तिच्यावर तोडगा आहे. ह्युंदाई-किआच्या या प्लॅटफॉर्मवर कमी व्होल्टचा चार्जर लागला की गाडी स्वतःची मागची मोटर आणि इन्व्हर्टर वापरून व्होल्टेज चढवून घेते. वेगळा डबा लावायला नको, अॅडाप्टर नको. पोर्शेच्या टायकानने २०१९ मध्ये ८०० व्होल्ट आणलं तेव्हा या कामासाठी गाडीत वेगळा बूस्टर दिला होता, आणि ४०० च्या चार्जरवर मूळ बूस्टरने ती ५० किलोवॅटवर थांबायची. म्हणजे ८०० व्होल्टची गाडी घेताना विचारायचा प्रश्न असा: कमी व्होल्टच्या चार्जरवर ही काय करते, आणि किती घेते? हे गाडीगणिक बदलतं.

१८ मिनिटांबद्दल. तो आकडा ३५० किलोवॅटच्या चार्जरचा आहे. त्याच पत्रकात खाली ५० किलोवॅटच्या चार्जरसाठी ७३ मिनिटं दिलीत. आपल्या रस्त्यांवर रोज भेटतो तो ६० च्या आसपासचा चार्जर. घाटात कोणी १८ मिनिटांच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नये.

अनघा_इंदिरानगर (रविवार, सकाळी १०:४०)

सगळ्यांचं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला वाटतं तुम्ही लोक चुकीच्या टोकाकडून बघताय. मी आईला घेऊन पुण्याला नेहमी एकटी गाडी चालवत जाते. मला आजवर व्होल्टने कधी अडवलेलं नाही. अडवलंय ते अॅपने, बंद पडलेल्या गनने आणि चार्जरसमोर लावलेल्या डिझेल गाडीने.

एका नेटवर्कचं वॉलेट, दुसऱ्याचं कार्ड, तिसऱ्याला ओटीपी. संगमनेरच्या बाजूला रेंज गेली की ओटीपी येत नाही. आई गाडीत बसून, बाहेर अंधार, स्वच्छतागृहाला कुलूप. अशा वेळी तो चार्जर ६० चा आहे की १२० चा, याने मला काय फरक पडतो? मला सुरू होणारे ३० हवेत.

गंगापूररोडकर, तुमचा प्रश्न गाडीचा आहे, पण उत्तर थांब्यांमध्ये आहे. वाटेतले भरवशाचे थांबे आधी ठरवा, मग गाडी निवडा.

मिसळप्रेमी_पंचवटी (रविवार, सकाळी १०:४८)

अनघाताई, +१००. आणि थांबा असा हवा जिथे रस्सा दुसऱ्यांदा वाढतात. एवढ्यात गाडी बरोबर ८० टक्के होते.

टूरवाला_नाशिकरोड (रविवार, दुपारी १:१५)

मी जुनी आठवण सांगतो. माझ्याकडे भाड्याच्या धंद्यात महिंद्राची ई-व्हेरिटो होती, ७२ व्होल्टची. तिला सीसीएस लागायचंच नाही. तिच्यासाठी भारत डीसी-००१ नावाचा १५ किलोवॅटचा चार्जर असायचा. २०१८ च्या केंद्राच्या नियमांत एकाच स्टेशनवर सीसीएस, चाडेमो, टाइप-२, भारत डीसी, भारत एसी अशा सगळ्याच प्रकारच्या गन ठेवायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी ते सैल केलं, मग गाड्यांच्या बाजारात सीसीएस-२ जिंकलं. आता ते जुने चार्जर बऱ्याच ठिकाणी धूळ खात उभे दिसतात, आणि नकाशावर मात्र 'फास्ट' म्हणून येतात. नवीन माणूस तिथे जाऊन फसतो. नकाशा बघताना गनचा प्रकार आधी तपासा.

सातपूरकर (रविवार, दुपारी २:३०)

@अनघा_इंदिरानगर, तुमचा त्रास खरा आहे आणि तो सुटलाच पाहिजे. पण 'सुरू न होणं' हे नेहमी अॅपचंच पाप नसतं. त्यातलं बरंच गाडी आणि चार्जर यांच्या बोलण्यात बिघडतं, म्हणून जरा खोलात सांगतो.

गन लावल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात कान देऊन ऐका. आधी 'कट्' करून गाडी गनला कुलूप घालते. मग काही सेकंद शांतता. त्या वेळात दोघं कंट्रोल पायलट नावाच्या एकाच बारीक पिनवरून बोलत असतात: मी अमुक व्होल्टची, मला जास्तीत जास्त इतके अँपिअर चालतील, तुझी मर्यादा काय. या बोलण्याचे नियम डीआयएन ७०१२१ आणि आयएसओ १५११८ या मानकांत आहेत. नंतर चार्जर तारेत व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासतो, कुठे गळती नाही ना ते बघतो. मग आपलं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ आणून ठेवतो. ते जुळलं की गाडीतून 'टक्, टक्' येतं, ते कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी तारेला जोडणारे मोठे स्विच, बसल्याचे आवाज. त्यानंतर चार्जरचे पंखे जोरात सुरू होतात. पंखा घोंघावला की समजा काम झालं.

कुठल्या आवाजानंतर गाडी थांबते ते लक्षात ठेवलं, तर कारण पटकन कळतं. कुलूपच लागलं नाही तर गन नीट बसलेली नाही. केबल जड असते, गन खाली लोंबते आणि पिन तिरकी राहते. गनचं वजन हाताने वर तोलून धरा, कुलूप लागेपर्यंत सोडू नका. कुलूप लागून शांततेतच मेलं तर बोलणं जुळलं नाही, जुनं सॉफ्टवेअर असलेला चार्जर आणि नवीन गाडी यांच्यात हे होतं. इन्सुलेशनला अडलं तर बहुतेक ओल. इगतपुरीच्या पावसात गनचं तोंड वर करून ठेवलेलं असतं, त्यात पाणी साचतं. तोंड खाली करून झटकायचं, आत बोट किंवा फडकं घालायचं नाही.

अनघा_इंदिरानगर (रविवार, दुपारी ३:०५)

हे गन तोलून धरायचं मला एका ट्रकवाल्या दादांनी दाखवलं होतं, आणि खरंच चालतं! आवाजांचं मात्र आज कळलं. आभार. तरी माझं म्हणणं कायम: प्रवाशाने कान लावून रोगनिदान करायची वेळ येऊ नये.

सातपूरकर (रविवार, दुपारी ३:१०)

शंभर टक्के मान्य.

नवखी_चालक (रविवार, संध्याकाळी ५:२०)

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारते. आमची गाडी लहान आहे. चुकून २४० किलोवॅटच्या चार्जरला लावली तर बॅटरी जळणार नाही ना? नवरा लावूच देत नाही.

घाटमाथा (रविवार, संध्याकाळी ५:३५)

अजिबात नाही. किती करंट हवा ते गाडी क्षणाक्षणाला मागते, चार्जर तेवढाच देतो. बिनधास्त लावा. शेजारी मोठी गाडी ताटकळत असेल तर तिला तो चार्जर सोडावा, एवढंच सौजन्य. तुमच्या गाडीला ६० च्या चार्जरवरही तोच वेग मिळणार आहे.

वायरमन_आडगाव (रविवार, रात्री ८:००)

घरच्या चार्जिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरी येणारी वीज एसी असते, बॅटरीला डीसी लागते, ते रूपांतर गाडीतला चार्जर करतो. तिथे बॅटरी ४०० ची का ८०० ची, घेणंदेणं नाही. ३.३ किलोवॅटला १५ अँपिअरचा चांगला सॉकेट, ७.२ ला सिंगल फेजवर ३२ अँपिअर. महावितरणकडे मंजूर भार आधी वाढवून घ्या, मग चार्जर लावा, उलटं करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अर्थिंगची तार आहे, पण ती कुठेच गेलेली नाही. गाडी चार्ज होत नाही म्हणून लोक शोरूमला फोन करतात. गाडी शहाणी आहे, अर्थ नसेल तर घेतच नाही. काहीजण न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून गाडीला फसवतात. कृपा करून हे करू नका, कोणी करून देतो म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यावर करंट येतो, पोरंबाळं हात लावतात. वेगळा अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), याला पर्याय नाही.

टूरवाला_नाशिकरोड (रविवार, रात्री ८:२०)

वायरमन दादा, लाख मोलाचं लिहिलंत. हा प्रतिसाद सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय.

अवांतर: २०२७ च्या सिंहस्थात काय होणार याची आम्हा धंदेवाल्यांना आत्तापासून काळजी आहे. त्र्यंबकच्या रस्त्याला आणि शहराच्या वेशीवर एकाच वेळी शेकडो गाड्या आल्या तर ३०-३० वाटून देणाऱ्या चार्जरसमोर रांगा किती लांब जातील? महापालिकेने बाहेरच्या वाहनतळांवरच भरपूर गन लावाव्यात, वेग कमी असला तरी चालेल. भाविक स्नानाला गेला की गाडी तशीही काही तास उभीच असते.

मिसळप्रेमी_पंचवटी (रविवार, रात्री ८:३१)

ही सूचना खरंच लेखी द्या टूरवाले. मी सही करतो.

बिनधास्त_देवळाली (रविवार, रात्री ९:४५)

मला ८०० व्होल्टचं हे कौतुक पटत नाही. चार्जर ५०-६० चे, तर ८०० चा उपयोग शून्य. क्रेटा घ्या, नवी वॉरंटी मिळेल, सुटे भाग मिळतील. ८०० म्हणजे रस्ता नसताना घेतलेली रेसची गाडी.

सातपूरकर (रविवार, रात्री १०:२०)

@बिनधास्त_देवळाली, वॉरंटीचं मान्य. 'शून्य' मात्र मान्य नाही, हिशेब करून दाखवतो.

कंपन्यांचेच आकडे. क्रेटा ५१.४ युनिट, ५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के ५८ मिनिटं. म्हणजे साधारण ३६ युनिट, सरासरी ३७ किलोवॅट. ईव्ही ६, ७७.४ युनिट, तसाच चार्जर, ७३ मिनिटं. म्हणजे ५४ युनिट, सरासरी ४४ च्या पुढे. चार्जर तेवढाच, तरी मोठा पॅक जास्त ओढतो. याचं श्रेय नुसत्या व्होल्टला देऊ नका, मोठी बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत दमत नाही हेही आहे. पण फरक आहे.

आणि चार्जर बदलत आहेत. नवे लागतात ते बहुतेक १००० व्होल्टपर्यंत जाणारे. गाडी तुम्ही आठ-दहा वर्षं ठेवणार.

घाटमाथा (रविवार, रात्री १०:४०)

माझं मत देवळालीकर आणि सातपूरकर यांच्या मध्ये पडतं. या गाडीने मला जे सुख दिलंय, ते व्होल्टने कमी आणि ७७ युनिटने जास्त. नाशिक-पुणे साधारण २१० किलोमीटर. पूर्ण भरून निघालो की वाटेत चार्जर शोधावाच लागत नाही, पोचल्यावर निवांत लावतो. ठाण्याला तर प्रश्नच नाही, कसारा उतरताना उलट थोडी भरते. येताना घाट चढायचा असतो, तेवढी राखून ठेवायची.

समृद्धीवर खरी परीक्षा. रस्ता मोकळा, १२० ची मुभा, आणि त्या वेगाला बॅटरी सरसर उतरते. १०० वर ठेवली की एखादा थांबा वाचतो, आणि थांब्याचा वेळ धरला तर नागपूरला पोचायला उशीरही होत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना तिथे टोल माफ आहे, तो वाचलेला पैसा चार्जिंगला घाला.

गंगापूररोडकर, तुम्ही पुण्याला किती वेळा जाता आणि नागपूरला किती वेळा, यावर ठरवा. पुणं जास्त असेल तर मोठी बॅटरी महत्त्वाची, व्होल्ट कितीही असोत.

गंगापूररोडकर (सोमवार, सकाळी ७:४०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुद्दाम त्याच चार्जरवर जाऊन आलो. मागच्या बाजूला पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय: आउटपुट २०० ते १००० व्होल्ट, एका गनला कमाल २०० अँपिअर, एकूण ६० किलोवॅट. शेजारी कोणी नव्हतं. भावाची गाडी लावली, आकडा पन्नाशीच्या वर गेला. सातपूरकरांचं निदान तंतोतंत.

म्हणजे या चार्जरवर ईव्ही ६ ला व्होल्ट चढवून घ्यायचीही गरज पडणार नाही, सरळ लागेल. मिळणार मात्र ६० च. घाटमाथा म्हणतात तसा हिशेब केला, आमचं पुणं फार जास्त आहे. कौल मोठ्या बॅटरीकडे झुकतोय. वापरलेल्या गाडीच्या बॅटरीची तब्येत अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासून मगच पुढे जाईन. अनघाताईंचं ऐकून पुण्याच्या वाटेवरचे थांबेही लिहून काढतोय. संगमनेरपुढच्या चार्जरच्या पाट्या कोणी बघितल्यात का?

अनघा_इंदिरानगर (सोमवार, सकाळी ९:१५)

गुरुवारी जातेय. संगमनेर आणि नारायणगाव, दोन्हीकडचे फोटो इथे टाकते. स्वच्छतागृह उघडं आहे का तेही लिहीन.

सातपूरकर (सोमवार, सकाळी ९:३०)

ताई, फोटोत प्रत्येक गनच्या अँपिअरची ओळ येऊ द्या. पाटी बहुधा मागे किंवा बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर असते.